ऑटोमॅपरच्या प्रोफाइलमध्ये सर्व्हिस घातली आणि सगळ्यांना एकाच माणसाचा टाइमझोन दिसायला लागला

अर्धविराम (प्रश्न)

मंडळी, कीबोर्ड मराठीवर आहे तो मराठीवरच राहू देते. कोडमधली नावंही देवनागरीतच येतील, सांभाळून घ्या.

आमचं ऑर्डरी सांभाळणारं एक वेब ॲप आहे. आधी जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कवर होतं, आता एएसपी डॉट नेट कोअरवर आणतोय. जुन्या कोडमध्ये ऑटोमॅपर (एका क्लासमधली फील्ड दुसऱ्या क्लासमध्ये आपोआप नेणारी लायब्ररी) स्टॅटिक पद्धतीने वापरलेला. ॲप सुरू होताना एकदा मॅपर-डॉट-इनिशियलाइझ, आणि मग जिथे हात पोचेल तिथे मॅपर-डॉट-मॅप. कंट्रोलरमध्ये, रिपॉझिटरीमध्ये, एका ठिकाणी तर थेट व्ह्यूमध्ये. ती स्टॅटिक एपीआय आवृत्ती ९ मध्ये काढून टाकली गेली, त्यामुळे इकडे येताना सगळीकडे आयमॅपर कन्स्ट्रक्टरमधून घ्यावा लागला. काम कंटाळवाणं होतं, पण दोन दिवसांत उरकलं.

अडलं ते पुढे. आमच्या डेटाबेसमध्ये सगळ्या वेळा यूटीसीत आहेत आणि पडद्यावर त्या लॉगिन केलेल्या माणसाच्या टाइमझोनमध्ये दाखवायच्या असतात. जुन्या कोडमध्ये हे प्रोफाइलच्या, म्हणजे काय कशात न्यायचं ते लिहिलेल्या क्लासच्या, आतच व्हायचं, एचटीटीपी-कॉन्टेक्स्ट-डॉट-करंट मधून युजर उचलून. कोअरमध्ये तसलं काही नाही. म्हणून मी 'करंटयुजर' नावाची सर्व्हिस लिहिली. ती आयएचटीटीपी-कॉन्टेक्स्ट-ॲक्सेसर घेते, पहिल्यांदा कोणी विचारलं की क्लेममधून टाइमझोनचं नाव काढते, त्यावरून टाइमझोनइन्फो शोधते आणि स्वतःच्या एका फील्डमध्ये ठेवून देते, म्हणजे त्याच रिक्वेस्टमध्ये पुन्हा शोधाशोध नको. स्कोप्ड म्हणून, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला नवी, नोंदवली. इथवर सगळं ठीक.

मग ऑर्डरप्रोफाइलच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ती मागितली. ॲप सुरूच होईना: पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर सापडत नाही म्हणे. त्यावर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. प्रोग्रॅम फाइलमध्येच बिल्ड-सर्व्हिस-प्रोव्हायडर बोलावला, त्यातून करंटयुजर काढला, आणि ॲडऑटोमॅपरच्या लॅम्डामध्ये न्यू ऑर्डरप्रोफाइल करून तो हाताने आत दिला. एडिटरने त्या ओळीखाली पिवळी रेघ ओढली. मी ती पाहिली आणि पुढे गेले.

माझ्या मशीनवर झकास चाललं. टेस्टिंगमध्येही चाललं, कारण तिथे सगळे एकाच टाइमझोनमध्ये बसतात. प्रॉडक्शनवर गेल्यावर दोन दिवसांनी तक्रार आली: दुबईतल्या एका युजरला सकाळी १०:३० ला टाकलेली ऑर्डर दुपारी ३:३० ची दिसतेय. डेटाबेसमध्ये पाहिलं तर ६:३० यूटीसी, म्हणजे अगदी बरोबर. १५:३० हे टोकियोचं घड्याळ. ॲप रीस्टार्ट केलं, दुबईवाल्यांचं बरोबर झालं. दुपारी टोकियोहून फोन, आमच्या ऑर्डरी पाच तास मागे दिसतायत. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा दुसरंच काहीतरी. शेवटी लॉग घालून बसले तेव्हा उमगलं. रीस्टार्टनंतर जो पहिला माणूस ऑर्डरची यादी उघडतो, त्याचा टाइमझोन दिवसभर सगळ्यांच्या डोक्यावर.

तर प्रश्न असा: प्रोफाइलमध्ये सर्व्हिस द्यायची खरी पद्धत काय? आमच्यातला एकजण म्हणतोय की मॅपर-कॉन्फिगरेशनच स्कोप्ड करून टाक, प्रत्येक रिक्वेस्टला नवीन बनेल, मिटला प्रश्न. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाहीये हे नीट मांडताही येत नाहीये.

---

रिकामा_कॅच

तुमचं मन बरोबर सांगतंय, तसं करू नका. कारण शेवटी लिहितो, आधी मूळ भानगड.

प्रोफाइलमध्ये सर्व्हिस द्यायची खरी पद्धत नाहीच आहे. विसरून राहिलेली सोय नाही ती, जाणूनबुजून ठेवलेली नाही. ॲडऑटोमॅपरला तुम्ही असेंब्ली दिली की तो त्यातले प्रोफाइलचे क्लास हुडकतो, प्रत्येकाचं एक इन्स्टन्स बनवतो, त्यांच्यातली सगळी क्रिएटमॅप गोळा करतो आणि त्यातून एक मॅपर-कॉन्फिगरेशन उभं करतो. हे कॉन्फिगरेशन सिंगलटन, म्हणजे ॲपभर एकच. त्यातली प्रत्येक जोडी, म्हणजे ऑर्डरपासून ऑर्डरडीटीओपर्यंतचा रस्ता (डीटीओ म्हणजे पडद्याकडे पाठवायचा साधा क्लास), एक्स्प्रेशन ट्री म्हणून रचली जाते आणि एकदाच कंपाइल होऊन डेलिगेट बनते. त्यानंतर ॲप बंद पडेपर्यंत तोच डेलिगेट वापरात.

आता तुमची ओळ बघा. मॅपफ्रॉमच्या लॅम्डामध्ये तुम्ही अंडरस्कोर-युजर-डॉट-झोन असं काहीतरी लिहिलं असणार. तो अंडरस्कोर-युजर म्हणजे प्रोफाइलच्या इन्स्टन्सचं फील्ड. लॅम्डाने प्रोफाइल धरून ठेवला, प्रोफाइलने करंटयुजर धरून ठेवला, आणि करंटयुजरने पहिल्या माणसाचा झोन धरून ठेवला. आयएचटीटीपी-कॉन्टेक्स्ट-ॲक्सेसर आतून असिंकलोकल वापरतो, आणि तो स्टॅटिक आहे, म्हणून तुम्ही हाताने बांधलेल्या वेगळ्या कंटेनरमधूनही (कंटेनर म्हणजे सर्व्हिस बनवून देणारी यंत्रणा) पहिली रिक्वेस्ट त्याला व्यवस्थित दिसली. ती दिसली नसती तर नल येऊन पहिल्याच दिवशी आपटलं असतं आणि तुमचे दोन दिवस वाचले असते. तुमच्या त्या फील्डमधल्या कॅशमध्ये काही चूक नाही बरं का. एका रिक्वेस्टपुरतं जगायला लिहिलेली वस्तू तुम्ही ॲपभर जगवलीत, एवढंच.

दुसरं, स्कोप्ड सर्व्हिस रूट प्रोव्हायडरमधून, म्हणजे कुठल्याच रिक्वेस्टच्या नसलेल्या मूळ कंटेनरमधून, मागितली तर डेव्हलपमेंटमध्ये फ्रेमवर्क ओरडतं. तुमच्याकडे का ओरडलं नाही? कारण ती तपासणी होस्टने बांधलेल्या प्रोव्हायडरवर चालू असते. तुम्ही स्वतः बिल्ड-सर्व्हिस-प्रोव्हायडर बोलावलात, त्याला काही पर्याय दिले नाहीत, म्हणजे तपासणी बंद. शिवाय आता तुमच्याकडे दोन कंटेनर आहेत आणि प्रत्येक सिंगलटनच्या दोन प्रती निघू शकतात. पिवळी रेघ नेमकं हेच सांगत होती.

आता उपाय. आयमॅपर हा प्राणी कॉन्फिगरेशनपेक्षा वेगळा आहे हे लक्षात घ्या. तो ट्रान्झियंट, म्हणजे मागाल तेव्हा नवा, असा नोंदलेला असतो आणि अगदी हलका असतो: आत कॉन्फिगरेशनकडे बोट, आणि 'या टाइपची सर्व्हिस दे' असं म्हणायला एक फंक्शन. ते फंक्शन ज्या स्कोपमधून आयमॅपर मिळाला त्या स्कोपचं. कंट्रोलरने मागितला तर रिक्वेस्टच्या स्कोपचं. म्हणजे रिक्वेस्टगणिक बदलणाऱ्या गोष्टीला आत शिरायचं दार तिथे आहे, प्रोफाइलमध्ये नाही.

त्या दाराचं नाव आयव्हॅल्यूरिझॉल्व्हर. 'ऑर्डरवेळरिझॉल्व्हर' म्हणून एक क्लास लिहा. इंटरफेसला तीन टाइप द्या: ऑर्डर, ऑर्डरडीटीओ, डेटटाइम. कन्स्ट्रक्टरमध्ये करंटयुजर मागा, इथे तो खुशाल मिळेल. रिझॉल्व्ह मेथडमध्ये कन्व्हर्ट-टाइम-फ्रॉम-यूटीसी करून परत द्या. आणि प्रोफाइलमध्ये फॉरमेंबरच्या आत मॅपफ्रॉमच्या कोनी कंसात रिझॉल्व्हरचं नुसतं नाव, पुढचे गोल कंस रिकामे. त्यात न्यू करून इन्स्टन्स देऊ नका. तसं ओव्हरलोड आहे आणि ते बिनतक्रार कंपाइल होतं, पण ते इन्स्टन्स पुन्हा कॉन्फिगरेशनच्या गळ्यात बांधलं जातं आणि तुम्ही परत टोकियोला पोचता.

एकाच डीटीओत नोंदवल्याची, पाठवल्याची, पोचल्याची अशा तीन वेळा असतील तर तीन रिझॉल्व्हर लिहू नका. आयमेंबरव्हॅल्यूरिझॉल्व्हर बघा, त्यात स्रोताचं फील्ड वेगळं सांगता येतं, क्लास एकच राहतो.

राहिलं स्कोप्ड कॉन्फिगरेशन. चालेल, पण प्रत्येक रिक्वेस्टला सगळी क्रिएटमॅप नव्याने गोळा करायची, एक्स्प्रेशन रचायची, कंपाइल करायची आणि रिक्वेस्ट संपली की टाकून द्यायची. एका टाइमझोनसाठी रोज घर पाडून नवीन बांधण्यातला प्रकार. तुमच्या सहकाऱ्याला एकदा स्टॉपवॉच लावून दाखवा, बोलणं लांबणार नाही.

---

शेपूट_लॉग

वरचं सगळं बरोबर आहे. त्यात एक खड्डा राहिलाय, त्यात मी स्वतः पडलोय म्हणून लिहितो.

'आयमॅपर ज्या स्कोपमधून मिळाला त्या स्कोपचं फंक्शन' हे वाक्य दोनदा वाचा. कंट्रोलरपुरतं छान आहे. पण तुमच्याकडे एखादी बॅकग्राउंडसर्व्हिस आहे का? रात्री रिपोर्ट बनवणारी, रांगेतले मेसेज उचलणारी? होस्टेड सर्व्हिस सिंगलटन असते. तिच्या कन्स्ट्रक्टरमध्ये आयमॅपर मागितला तर तो रूट प्रोव्हायडरमधून येतो, आणि त्याने पुढे मागितलेली प्रत्येक गोष्टही रूटमधूनच येते.

माझ्या एका जुन्या नोकरीत रात्रीचा रिपोर्ट होता. रिझॉल्व्हर डीबीकॉन्टेक्स्ट (ईएफ कोअर या लायब्ररीचं डेटाबेसशी बोलणारं ऑब्जेक्ट) घ्यायचा आणि त्यातून चलनाचा दर काढायचा. डेव्हलपमेंटमध्ये तो जॉब आम्ही कोणी कधी चालवलाच नाही, कॉन्फिगमध्ये बंद ठेवलेला. चालवला असता तर 'स्कोप्ड सर्व्हिस रूट प्रोव्हायडरमधून मिळणार नाही' असा एरर पहिल्या मिनिटात आला असता. प्रॉडक्शनमध्ये ही तपासणी आपोआप चालू नसते. एन्व्हायर्नमेंटचं नाव डेव्हलपमेंट असेल तरच चालू.

मग काय झालं, तर एकच डीबीकॉन्टेक्स्ट आठवडेच्या आठवडे जिवंत राहिला. त्याचा चेंजट्रॅकर दररोज फुगत गेला, मेमरीचा आलेख जिन्यासारखा. त्याहून वाईट म्हणजे दर. दराची ओळ एकदा ट्रॅक झाली की ईएफ कोअर पुढच्या क्वेरीत डेटाबेसमधली नवी किंमत आणतो खरा, पण आधीपासून हातात असलेल्या एंटिटीवर ती लिहीत नाही, जुनीच एंटिटी परत देतो. टेबलात नवा दर, रिपोर्टमध्ये गेल्या डिप्लॉयच्या दिवशीचा दर. हिशेबवाल्यांनी तीन आठवड्यांनी पकडलं. मी तोवर मेमरी लीकच्या मागे लागून स्ट्रिंग बिल्डर बदलत बसलो होतो.

डीआयवाल्या (डिपेंडन्सी इंजेक्शनवाल्या) मंडळींत याला कॅप्टिव्ह डिपेंडन्सी म्हणतात, मार्क सीमन यांनी हे नाव रूढ केलं. अल्पायुषी वस्तू दीर्घायुषी वस्तूच्या कैदेत. तुमच्या टाइमझोनचा घोळही त्याच जातीचा.

दोन गोष्टी करा. बॅकग्राउंडसर्व्हिसमध्ये आयमॅपर थेट मागू नका. आयसर्व्हिस-स्कोप-फॅक्टरी मागा, प्रत्येक फेरीला स्कोप उघडा, त्या स्कोपमधून आयमॅपर काढा, काम झालं की स्कोप बंद. आणि प्रोग्रॅम फाइलमध्ये यूज-डीफॉल्ट-सर्व्हिस-प्रोव्हायडर वापरून व्हॅलिडेट-स्कोप्स सगळ्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये ट्रू करा. थोडा वेळ जास्त लागतो म्हणतात. माझे तीन आठवडे गेले, मला चालतो.

आणखी एक, बॅकग्राउंडमध्ये एचटीटीपी-कॉन्टेक्स्ट नसतो, म्हणजे करंटयुजरला तिथे युजरच सापडणार नाही. तेव्हा नल न देता यूटीसी द्यायचं की एरर फेकायचा हे आत्ताच ठरवा. मी एरर फेकेन.

---

अर्धविराम

रिकामा_कॅच, हात जोडले. रिझॉल्व्हर लिहिला, ती लाजिरवाणी ओळ काढली, दोन ब्राउझरमध्ये दोन टाइमझोनचे युजर उघडून बघितले. १०:३० ला १०:३० आणि १५:३० ला १५:३०. शेपूट_लॉग, आमच्याकडे बॅकग्राउंडसर्व्हिस आहे आणि तिच्या कन्स्ट्रक्टरमध्ये आयमॅपर आहे. तुमचं वाचून पोटात गोळा आला. व्हॅलिडेट-स्कोप्स चालू केलं तर तीच नाही, आणखी एक सिंगलटन डीबीकॉन्टेक्स्ट धरून बसलेला सापडला. त्याचा मॅपिंगशी काही संबंध नाही, पण सापडला.

आता दोन नवीन दुखणी.

एक, युनिट टेस्ट. आमच्या टेस्टमध्ये मॅपर-कॉन्फिगरेशन हाताने न्यू करून ॲड-प्रोफाइल आणि क्रिएटमॅपर असं आहे. ॲसर्ट-कॉन्फिगरेशन-इज-व्हॅलिड हिरवं येतं. पण प्रत्यक्ष ऑर्डर मॅप करायला गेलं की लाल. रिझॉल्व्हर बनवता येत नाही म्हणतो.

दोन, मला चेव आला आणि ग्राहकाची श्रेणी काढायलाही रिझॉल्व्हर लिहिला. तो डीबीकॉन्टेक्स्ट घेतो आणि ग्राहकाच्या आयडीवरून श्रेणी शोधतो. ४०० ऑर्डरींची यादी उघडायला आधी डोळे मिटायलाही वेळ मिळायचा नाही, आता पाणी पिऊन येता येतं.

---

रिकामा_कॅच

टेस्टचं सोपं आहे. हाताने केलेल्या क्रिएटमॅपरला कंटेनर माहीतच नाही, त्यामुळे रिझॉल्व्हर तो रिकाम्या कन्स्ट्रक्टरने बनवायला जातो, आणि तुमच्या रिझॉल्व्हरला तर करंटयुजर हवा. क्रिएटमॅपरला टाइप घेऊन इन्स्टन्स देणारं फंक्शन देता येतं. किंवा टेस्टमध्येच छोटं सर्व्हिसकलेक्शन करा, खोटा करंटयुजर नोंदवा, ॲडऑटोमॅपर बोलवा आणि आयमॅपर तिथून घ्या. मी दुसरं करतो, कारण त्यात नोंदणीही तपासली जाते. ॲसर्ट-कॉन्फिगरेशन-इज-व्हॅलिड फक्त एवढंच बघतं की डीटीओतल्या प्रत्येक फील्डला कुठून तरी किंमत येणार आहे का. रिझॉल्व्हर बनेल का, त्याला हवं ते कंटेनरमध्ये आहे का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो हिरवा रंग तेवढ्यापुरताच समजायचा.

यातच अजून एक ठेच लागते. ॲडऑटोमॅपर रिझॉल्व्हरही नोंदवतो, पण ज्या असेंब्ली तुम्ही त्याला दिल्या त्यांच्यातलेच. प्रोफाइल एका प्रोजेक्टमध्ये, रिझॉल्व्हर दुसऱ्यात, आणि दुसऱ्याची असेंब्ली द्यायची राहिली, की कंपाइल होणार, ॲप सुरू होणार आणि पहिल्या मॅपला आपटणार.

४०० चं दुखणं मात्र तुम्ही विकत घेतलंत. रिझॉल्व्हर प्रत्येक ऑर्डरसाठी चालतो, म्हणजे ४०० ऑर्डरींना ४०० क्वेरी, यादीची एक वेगळी. टाइमझोनला हे जाचलं नाही, कारण रिझॉल्व्हर ४०० वेळा बनला तरी करंटयुजर स्कोप्ड, त्याने झोन एकदाच शोधला. तुमची तीच फील्डवाली कॅश इथे उपयोगी पडली बघा.

माझा स्वतःपुरता नियम: रिझॉल्व्हरला डीबीकॉन्टेक्स्ट द्यायचा नाही. श्रेणी हवी असेल तर ती ऑर्डरसोबत क्वेरीतच आणा. त्यासाठी प्रोजेक्टटू वापरा, तो मॅपिंगचं रूपांतर थेट सिलेक्टमध्ये करतो, डेटाबेसकडे एकच क्वेरी जाते आणि डीटीओला लागतात तेवढेच कॉलम येतात. ग्राहक-डॉट-श्रेणी असं नॅव्हिगेशन असेल आणि डीटीओत 'ग्राहकश्रेणी' असं जोडनाव असेल तर फॉरमेंबरही लिहावं लागत नाही, तो नावावरून ओळखतो.

पण थांबा, प्रोजेक्टटूमध्ये रिझॉल्व्हर चालत नाहीत. चालणार कसे? सगळं एसक्यूएलमध्ये जायचंय, तुमचा सी-शार्प क्लास तिथे कोण चालवणार. तेव्हा टाइमझोनचं दोनपैकी एक करा. प्रोजेक्टटूने यूटीसीतलाच डीटीओ आणा आणि वेळ सगळ्यात शेवटी बदला. किंवा बदलती किंमत साधी असेल, म्हणजे युजरचा आयडी किंवा भाषेचा कोड, तर प्रोफाइलमध्ये एक लोकल व्हेरिएबल नल ठेवून ते लॅम्डात वापरा आणि प्रोजेक्टटूला त्याच नावाच्या प्रॉपर्टीचं अनामिक ऑब्जेक्ट द्या. तो क्वेरी बांधताना नलच्या जागी तुमची किंमत बसवतो. पहिल्यांदा वाचताना हे जादूटोण्यासारखं वाटतं, आणि व्हेरिएबलचं नाव बदललं की जादू गुपचूप बंद पडते. कॉमेंट लिहून ठेवा.

---

हातमॅपर

उशिरा आलो. सगळं वाचलं. एक विचारू का? एवढी रिझॉल्व्हर, स्कोप, फॅक्टरी, अनामिक ऑब्जेक्ट ही यातायात कशासाठी, तर नऊ-दहा फील्ड एका क्लासमधून दुसऱ्यात न्यायला? एक स्टॅटिक एक्स्टेन्शन मेथड लिहा, ऑर्डर-डॉट-टू-डीटीओ, कंसात टाइमझोन पॅरामीटर म्हणून. कोणाचा झोन वापरला जातोय ते ओळ वाचणाऱ्याला दिसतं. फील्ड राहिलं तर... हो, ते कंपाइलर सांगत नाही, मान्य. रिक्वायर्ड प्रॉपर्टी केल्या तर तेही सांगतो.

ऑटोमॅपरचे लेखक जिमी बोगार्ड स्वतःच सांगत आलेत की जिथे डीटीओ हा स्रोताचाच सपाट केलेला उपसंच आहे तिथे हे वापरा, बाकी ठिकाणी नको. आपण लोकांनी त्यात चलनाचे दर आणि टाइमझोन कोंबले.

आणि परवान्याचं कोणी बोललंच नाही. २०२५ मध्ये आवृत्ती १५ पासून ऑटोमॅपर दुहेरी परवान्यावर गेलाय. छोट्या कंपन्यांना मोफत परवाना आहे, पण की घ्यावी लागते, आणि ॲडऑटोमॅपरला पहिला पॅरामीटर आता कॉन्फिगरेशनचा लॅम्डा लागतो. नवीन प्रोजेक्ट असेल तर मॅपरली बघा. तो सोर्स जनरेटर आहे, मॅपिंगचा कोड कंपाइल होतानाच लिहून देतो, एफ-१२ दाबून वाचता येतो. मॅपर म्हणजे साधा पार्शियल क्लास, त्याला स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहा, करंटयुजर घ्या, स्कोप्ड म्हणून स्वतः नोंदवा. प्रोफाइल नाही, छुपं दार नाही. आयुष्य किती ते तुम्ही नोंदवाल तेवढं, आणि सिंगलटन केलात तर तपासणी थेट तुमच्याच क्लासचं नाव घेऊन ओरडते.

---

बीनकंटेनर

जावावाला आहे, दोनच ओळी. आमच्याकडे मॅपस्ट्रक्ट, हातमॅपर म्हणतात त्याच धर्तीचं, कंपाइल होताना कोड लिहिणारं. कंपोनंट-मॉडेल स्प्रिंग लिहिलं की मॅपर स्वतःच बीन (स्प्रिंग फ्रेमवर्कने सांभाळलेलं ऑब्जेक्ट) होतो, आणि यूजेस मध्ये दिलेले दुसरे मॅपर आपोआप इंजेक्ट होतात. ते फील्डमध्ये इंजेक्ट होतात हे मात्र बघा, कन्स्ट्रक्टरमधून हवे असतील तर इंजेक्शन-स्ट्रॅटेजी कन्स्ट्रक्टर असं सांगावं लागतं.

आणि अर्धविराम, तुमचा दुबई-टोकियोचा घोळ आमच्याकडेही होतोच. स्प्रिंगमध्ये बीन मुळातच सिंगलटन असतो, एखाद्याने मॅपरच्या फील्डमध्ये युजर साठवला की संपलं.

---

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. काय केलं ते लिहून जाते, पुढे कोणी शोधत आलं तर.

यादीचं पान प्रोजेक्टटूवर नेलं. श्रेणीचा रिझॉल्व्हर पुसून टाकला, चार दिवससुद्धा जगला नाही बिचारा. लॉगमध्ये ४०१ क्वेरींच्या जागी एक दिसतेय. वेळ यूटीसीतच येते आणि कंट्रोलरमधून बाहेर पडण्याआधी एका ठिकाणी बदलते. एकेका ऑर्डरच्या तपशिलाच्या पानावर मात्र टाइमझोनचा रिझॉल्व्हर ठेवला, तिथे तो शोभतो.

बदलताना एक गोष्ट पायात आली ती सांगते. एका जुन्या सर्व्हिसमध्ये कोणीतरी आधीच टू-लोकल-टाइम करून ठेवलेलं, म्हणजे डेटटाइमचा काइंड लोकल. कन्व्हर्ट-टाइम-फ्रॉम-यूटीसीला काइंड यूटीसी किंवा अनस्पेसिफाइड चालतो, लोकल दिसला की तो एक्सेप्शन फेकतो. मला तो एरर रिझॉल्व्हरचा वाटला, अर्धा तास तिथेच खोदत बसले. गंमत म्हणजे जुन्या कोडमध्ये त्या पानावर वेळ दोनदा बदलत होती आणि इतक्या वर्षांत कोणी बोललं नव्हतं.

हातमॅपर, तुमचं म्हणणं टीममध्ये मांडलं. अर्धे तुमच्या बाजूने आहेत. ६० च्या वर डीटीओ आहेत, त्यामुळे एका झटक्यात नाही जमणार, पण आवृत्ती १५ च्या आधीच थांबलोय आणि नवीन मॉड्यूल मॅपरलीवर करून बघतोय. स्कोप्ड कॉन्फिगरेशनवाल्या सहकाऱ्याला स्टॉपवॉच दाखवलं. तो काही बोलला नाही, पण त्याची ब्रँच डिलीट झालेली दिसली.

आणि ती पिवळी रेघ आम्ही प्रोजेक्ट फाइलमध्ये एरर करून टाकली. बिल्ड-सर्व्हिस-प्रोव्हायडर कोणी प्रोग्रॅम फाइलमध्ये बोलावला तर आता बिल्डच पडतं. काल पडलं. माझंच होतं, दुसऱ्या कामाच्या जुन्या ब्रँचवर.